कवडीतला जीव

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. आमच्या वर्धा जिल्ह्यात मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लेकरे आपापले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि घरोघरच्या आयाबाया त्यांना बोजारा देतात, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. घाटावरील माउलींना मात्र हा सण ठाऊक नसतो म्हणून एवढा विस्तार केला. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात तर भलेमोठे लाकडी बैल निघतात; पाहण्यासारखे असते.

आमच्या आळीतील एका माळकऱ्याचा नातू, वय सात-आठ वर्षांचे, आपला बैल घेऊन आमच्या ओट्याशी आला. बैल नवा, पण गळ्यातली कवड्यांची माळ जुनी. ती त्यांच्या घरच्या खऱ्या बैलाची. तो बैल म्हातारा होऊन गेला, माळ खुंटीला राहिली, ती या लाकडी बैलाला आली. पोराने बैल आमच्या मांडीवर ठेवला. माळेत ओवण्यासाठी कवडीची पाठ फोडलेली असते, त्या भोकात बोट घालून तो म्हणाला, “आबाजी, हा जिना कोनाचा जी?”

आम्ही चष्मा लावून पाहिले. खरेच, आत पिळापिळाची एक पातळ भिंत वर चढत गेली होती. आम्ही म्हणालो, “अरे, कवडी समुद्रात सापडते. देवानं घडवली तशी.”

“मंग आत घर काहून केलं? राहे कोन त्याच्यात?”

आम्ही त्याच्या हातावर दहा रुपयांची नोट ठेवून त्याला वाटेस लावले. कीर्तनात शंका विचारणाऱ्याला दृष्टांत सांगून गप्प करावे, तसलाच हा प्रकार झाला. रात्री हरिपाठ झाला, परंतु चित्त ठिकाणावर नव्हते.

सज्जनहो, आमच्या गळ्यात माळ पडल्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला. मांस-मासळी घरात शिवली नाही. पाणी गाळून पितो, दिव्यावर पाखरू पडू नये म्हणून काच ठेवतो. आणि ही कवडी कोणा प्राण्याचे कवच आहे, ही गोष्ट एवढ्या वर्षांत आमच्या मनात एकदाही आली नाही! ठाऊक नव्हती असे नव्हे, शाळेत शिकलो होतो. पण ठाऊक असणे निराळे आणि मनात येणे निराळे. ठाऊक असलेल्या गोष्टीने झोप जात नाही.

वर्ध्यास आमच्या परिचयाचे एक प्राणिशास्त्राचे शिक्षक आहेत. त्यांच्याकडून पुस्तके आणली. जे कळले ते सांगतो.

कवडी ही समुद्रातली गोगलगाय. आपल्या धुऱ्यावर पावसाळ्यात शिंगे काढून चालते, तिचीच लांबची बहीण. तिच्या कुळात दोनशेहून अधिक जाती. एखादी वितीच्या जवळपास जाते, तर काही हरभऱ्याच्या दाण्याएवढ्याच राहतात. बैलाच्या गळ्यातली जी, ती बोटाच्या पेराएवढी. हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागर यांच्या उथळ पाण्यात, प्रवाळाच्या खडकांत तिचा वास. दिवसा दगडाखाली दडून बसते, रात्री शेवाळ चरावयास निघते. बाळपणी तिचे कवच इतर गोगलगायींसारखेच पातळ आणि पिळाचे असते. वयात आली की कवचाची कडा आत वळते, फटीच्या दोन्ही ओठांवर दाते उमटतात, आणि तेथून पुढे ती लांबीने वाढत नाही. कवच तेवढे जाड होत जाते. म्हणजे त्या पोराने बोट घालून दाखविलेला जिना हे तिचे लहानपणचे घर होते. ते मोडून तिने दुसरे बांधले नाही. त्यालाच पोटात घेऊन ती मोठी झाली.

तिच्या चकाकीचे आम्हांस नेहमी नवल वाटे. सोनार घासतो की काय, असे वाटे. तसे नाही. जिवंत असताना ती आपल्या अंगाची एक मऊ घडी दोन्ही बाजूंनी कवचावर ओढून घेते, थंडीत म्हाताऱ्याने शाल पांघरावी तशी. त्या घडीतूनच कवचावर थरावर थर चढतो. काही हलले की शाल आत, पाय आत, सगळेच आत. आणि वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले ते या एका गोष्टीपाशी, की मादी अंडी घालून निघून जात नाही. अंड्यांच्या पुंजक्यावर पाय पसरून ती बसून राहते, पिले पाण्यात सुटेपर्यंत. गोगलगायीचा पाय म्हणजे तिचे अवघे तळपोटच. कोंबडी बसते तशी ती बसते.

आता ती तेथून येथे कशी आली? मुंबईचा समुद्र आमच्या वर्ध्यापासून रेल्वेने सातशेपेक्षा अधिक किलोमीटर. आणि या कवड्या तर मुंबईच्याही पलीकडून, मुख्यत्वे मालदीव बेटांतून, शेकडो वर्षे येत राहिल्या. दहाव्या शतकातील अरब लेखक अल मसूदी लिहितो की तेथील लोक नारळाच्या फांद्या पाण्यावर टाकून ठेवीत. कवड्या त्यांना येऊन चिकटत, मग फांद्या किनाऱ्यावर ओढून घेत. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४३-४४ साली त्या बेटांवर काझी होता. त्याने पुढचे सांगितले आहे. किनाऱ्यावर खड्डे करीत आणि कवड्या त्यांत घालून ठेवीत. मांस नाहीसे होऊन पांढरे हाड उरले की झाली कवडी तयार. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन ती घेऊन जात.

त्याच इब्न बतूताने दर दिला आहे. मालदीवात एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या. कधी भाव उतरला तर बारा लाख. पुढे तो आफ्रिकेत माली देशात गेला, तेथे तीच कवडी दिनाराला अकराशे पन्नास मिळताना त्याने पाहिली. हाड तेच, जीवही त्याच जातीचा. फक्त समुद्र किती दूर, एवढ्यावर किंमत.

स्वीडनचा लिनिअस हा पंडित प्राण्यांची नावे ठरवीत होता. १७५८ साली त्याने या जिवाला जे नाव दिले त्यात ‘मोनेटा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ नाणे! मोराला मोर म्हणावे, मुंगीला मुंगी म्हणावे, आणि हिला म्हणावे पैसा. शास्त्रज्ञाला दोष देत नाही, आपणही काय वेगळे केले? भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची. तिच्या आरंभी नाण्यांचे कोष्टक आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. गणिताचा पायाच कवडीवर. म्हणजे बाराशे ऐंशी जीव खड्ड्यात गेले की एक द्रम्म झाला. पण ही त्रैराशिके कोणी कोणाला घातली नाहीत.

हा हिशेब आमच्या मुलखापासून फार दूरचा नव्हता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १७५१ पासून १८०३ पर्यंत कटकेपर्यंत होते. वर्ध्याचा हा मुलूख आणि ओरिसा एकाच धन्याचे. ओरिसात शेतसारा कवड्यांत मोजला जाई. बाराशे ऐंशी कवड्यांचे एक कहाण, चार कहाणांचा म्हणजे पाच हजार एकशेवीस कवड्यांचा एक रुपया. सिल्हेटला १७७८ साली गेलेला कंपनीचा कलेक्टर लिंडसे हाच दर सांगतो. तेथला अडीच लाख रुपयांचा वसूल कवड्यांतच येई, आणि तो ढाक्यास न्यावयास नावांचा तांडा लागे. पुढे १८०३ साली ओरिसा इंग्रजांनी घेतला आणि सारा चांदीच्या रुपयांत मागू लागले. कुणब्याच्या घरात चांदी कोठली? त्याने कवड्या बाजारात नेल्या, तर चार कहाणांच्या जागी सहा-सात कहाण मोजल्यावाचून रुपया मिळेना. १८१७ साली तेथे बक्षी जगबंधूच्या पुढारपणाखाली पाइकांचे बंड उठले, त्याच्या कारणांत हे एक कारण होते. पीक तेच, शेत तेच, मोजण्याचे माप मात्र रातोरात बदलले आणि माणूस बुडाला. विदर्भातील वाचकांना ही गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नाही.

आणि याहून वाईट सांगावयाचे आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत याच कवड्या गलबतांच्या तळाशी भरताड म्हणून भरून हॉलंडात, इंग्लंडात जात. तेथून पोत्यांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तेथे त्या मोजून देत आणि माणसे विकत घेत. बाप, लेकी, तरणी पोरे. त्यांना अमेरिकेतील उसाच्या मळ्यांवर नेत. अशा अब्जावधी कवड्या गेल्या. अंड्यांवर बसणाऱ्या एका मुक्या जिवाला खड्ड्यात कुजवून काढलेले हाड, आणि ते मोजून दुसऱ्या आईच्या मांडीवरचे लेकरू घेतलेले! हे वाचले त्या दिवशी आम्ही दुपारचे जेवण केले नाही. त्याने कोणाचे भले झाले असे नव्हे. जेवण गेले नाही, इतकेच.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे.

पहिला म्हणेल की महाराज, ती माळ शंभर वर्षांची. मारणारा मेला, विकणारा मेला, ज्याच्या गळ्यात होती तो बैलही मेला. आता पाप कोणाचे? यावर आमचे म्हणणे असे की पापाची वाटणी करावयास आम्ही बसलेलो नाही. जुन्या धर्मशास्त्रकारांनी मांसाच्या बाबतीत मारणाऱ्याबरोबर अनुमती देणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला आणि वाढणाऱ्यालाही घातकी म्हटले आहे. पण तेवढ्या कडक हिशेबाने पाहिले तर ज्या बैलाला आपण वर्षातून एक दिवस पुरणपोळी खाऊ घालतो, त्याच्या खांद्यावरच्या घट्ट्यांचे उत्तर आधी द्यावे लागेल. जुनी माळ फेकून तो जीव परत येत नाही. नवी माळ विकत घेणे मात्र वेगळी गोष्ट आहे. आजही बाजारात आणि जत्रेत कवड्या मिळतात, त्या कोणत्या तरी समुद्रातून निघूनच येतात. काही जातींच्या शंख-कवड्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत आता संरक्षण आहे, पण ही साधी कवडी त्या यादीत नाही. तेव्हा तेथे कायद्याचे काम नसून घेणाराचे काम आहे.

दुसरा म्हणेल की तुळजाभवानीचे भक्त कवड्यांची माळ घालतात, त्यांना तुम्ही नावे ठेवता काय? मुळीच नाही. ज्याने ती माळ आईची म्हणून गळ्यात घातली त्याने त्या हाडाला पैशातून सोडवून देवीच्या पायी लावले. सावकाराच्या थैलीतल्या कवडीपेक्षा ती कवडी केव्हाही सुखी.

तिसरा जरा खोल जाणारा असतो. तो विचारतो की प्रत्यक्ष पांडुरंगाच्या हातात शंख आहे, आणि शंख हीसुद्धा समुद्रातली गोगलगायच, मग काय म्हणाल? या प्रश्नाने आम्हांस दोन दिवस घोळविले. शेवटी एवढेच सुचले की देवाच्या हातातला शंख आम्ही दिलेला नाही. आमच्या देव्हाऱ्यातला मात्र आम्ही पैसे मोजून आणला आहे. तो आम्ही ठेवला आहे, टाकवला नाही. वाजविताना मात्र आता हात पहिल्यासारखा सहज जात नाही. हा दुबळेपणा वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

या तिन्ही शंकांना उत्तरे देता आली. चौथीला आली नाही, आणि खरे म्हणजे हा लेख तिच्यासाठीच आहे.

कार्तिकात काकडा समाप्तीच्या दिवशी सेलू तालुक्यातील एका गावी आमचे कीर्तन होते. घोराडचे, केजाजी महाराजांच्या गावचे, काही टाळकरी आले होते, मंडप भरलेला. नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजले, ही कथा लावून आम्ही त्यात ही कवडी आणली. लोक तल्लीन झाले. बायांनी डोळ्याला पदर लावले. आरती झाल्यावर एक शेतकरी उभा राहिला. पन्नाशीचा असेल. आवाज चढवला नाही.

“महाराज, आमचा कापूस कवडीमोल गेला, तवा कोनी कीर्तन नाई केलं. आता खुद्द कवडीसाठी करून रायले. चांगलं हाय.”

आणि तो खाली बसला.

आमच्याजवळ तोडीस तोड दृष्टांत होते. भूतदयेत लहान-मोठे नसते, मुंगीवर दया करणारा माणसावर करतोच, असे काही बोलता आले असते. पण हे खरे आहे काय? आम्ही पाणी गाळून पितो, आणि आमच्याच दिंडीत काय झाले ते सांगतो.

२००६ साली सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना काढली त्यांत आमचा वर्धा जिल्हा होता. कशासाठी काढली हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास आमच्या दिंडीतला एक माणूस, नाव सांगत नाही, विष पिऊन गेला. सहा वर्षे तो आमच्या मागे वीणा घेऊन चालला होता. वाटेत भेटला की आम्ही वारकरी एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. त्याच्याही पायांवर ठेवले होते. त्याच्या तेरवीला आम्ही भजन केले आणि लोक म्हणाले, भजन फार रंगले. त्याच्यावर कर्ज किती होते हे आम्ही आधी कधी विचारले नव्हते. बँकेचे की सावकाराचे, तेही नाही. सहा वर्षांत त्याच्या घराचा उंबरठा आम्ही ओलांडला होता तो प्रसादापुरता.

म्हणून त्या शेतकऱ्याला आम्ही म्हणालो, “तुमचं खरं आहे.” आणखी काही बोललो नाही. मंडपात शांतता झाली ती फार सुखाची नव्हती.

पुढे विचार करता वाटते की तो आणि ते पोर एकच गोष्ट विचारीत होते. चकचकीत पाठ आपण पाहतो, माळेत ओवतो, मोजतो; आत राहणारा कोण, हे मनात येत नाही. पण ‘एकच गोष्ट’ असे लिहिताना आमचे आम्हांलाच अवघडते. गोगलगायीचे दुःख आणि त्या माणसाच्या घरच्यांचे दुःख एका तागडीत घालणे ही पुन्हा मोजणीच झाली. ती आम्ही घालीत नाही. एवढे मात्र दिसते की मोजणाऱ्याला दोन्हीकडे एकच सवय लागलेली असते, आणि ती सवय आम्हांसही होती, गळ्यात तुळशीची माळ असून.

तुकोबारायांनी कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडविला, ही कथा आपण शेकडो वेळा सांगतो. सांगताना एक गोष्ट नजरेआड होते. बुडविणारा धनको होता. ऋणकोने कागद बुडविले असते तर त्याला कोणी संत म्हटले नसते. म्हणजे त्या कागदापलीकडचे घर आधी तुकोबांच्या डोळ्यांपुढे आले, कागद मागाहून बुडाले. आणि येथे आमच्याच जिल्ह्यात, पवनारला, धामच्या काठी विनोबांनी १९५० साली कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला होता. पैशावाचून राहावयाचे, आपल्या हातांनी पिकवून खावयाचे, आणि तेही बैल न जुंपता, कुदळ-फावड्याने. अवघ्या गावाला ते जमणारे नव्हते. पुढल्या वर्षी विनोबा तेलंगणात गेले, भूदान सुरू झाले आणि पायी फिरण्यात वर्षे गेली. पण पैसा हे केवळ माप आहे आणि मापावाचूनही भाकरी पिकते, एवढे त्यांनी करून पाहिले. आम्ही पवनारला अनेकदा गेलो, गीताई म्हणून आलो. त्या कुदळीकडे नीट पाहिले ते परवा.

असो. त्या पोराला खरे सांगणे राहिले होते. माघात एके दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि जसे कळले तसे सारे सांगितले. खड्ड्याचेही सांगितले. त्याच्या आजाने डोळ्यांनी खुणावले की इतके नको. पण आम्ही एकदा टाळले होते. पोराने माळ काढून कवड्या मोजल्या. अकरा भरल्या. मग विचारले, “मंग हे काढून टाकू का जी?” आम्ही काही बोलण्याच्या आत त्याचा आजा म्हणाला, “राहू दे. आपल्या ढवळ्याच्या गळ्यातली हाय ते. पन दुसरी नाई आनायची.” पोराने माळ पुन्हा बांधली, पाठी आत आणि फटी बाहेर अशी फिरवून. असे का केले ते आम्ही विचारले नाही.

आषाढीला निघण्यापूर्वी दिंडीची बैठक झाली. दरवर्षी त्या बैठकीत तंबू, आचारी आणि वर्गणी यांचे ठरते. या खेपेस ते ठरल्यावर आम्ही एकेकाला बाजूला घेऊन विचारले की तुझ्यावर देणे किती आहे. पहिल्याने हसून विषय बदलला. दुसरा म्हणाला, “माउलीच्या कृपेनं काई नाई,” आणि लगबगीने निघाला. तिसरा बराच वेळ बोलला नाही. मग पायातली चप्पल काढून ओट्यावर मांडी घालून बसला, आणि आकडा सांगितला.